कायदा १९६४ सालचा, मग अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची आर्थिक पीछेहाट आजही का टिकून आहे?

रारिटनकाठचा

मी गेली अठरा वर्षे न्यू जर्सीत राहतो. व्यवसाय संगणकाचा आहे आणि गेल्या तीन वर्षांपासून आमच्या कंपनीत नव्या नेमणुकांसाठी जी समिती बसते, तिच्यात माझाही समावेश असतो. मागच्या महिन्यात काही मराठी कुटुंबे जेवायला एकत्र जमली असताना एका ज्येष्ठ गृहस्थांनी असे मत मांडले की आपण या देशात दोन बॅगा घेऊन आलो, कोणाचा आधार नव्हता, रंग आपलाही गोरा नाही, तरी आपण घरे घेतली आणि मुलांना शिकवले. मग जे लोक इथे तीन-साडेतीनशे वर्षे राहत आहेत, त्यांना हे का जमू नये? त्यावर मान डोलावणारे बरेच होते. मला मान डोलवावीशी वाटली नाही, पण उत्तरही देता आले नाही, आणि तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात घोळतो आहे.

नोकरीत वंशावरून भेदभाव करण्यास १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने बंदी घातली. जनगणना विभागाचे २०२२ चे आकडे मी पाहिले. कृष्णवर्णीय कुटुंबाचे मध्यक (उत्पन्नानुसार रांग लावली तर मधोमध येणारे) वार्षिक उत्पन्न ५२,८६० डॉलर, गोऱ्या (हिस्पॅनिक नसलेल्या) कुटुंबाचे ८१,०६० आणि आशियाई कुटुंबाचे १,०८,७०० डॉलर. बेरोजगारीचेही तसेच आहे; कृष्णवर्णीयांचा दर सर्वसाधारणपणे गोऱ्यांच्या दुपटीच्या आसपास राहत आला आहे, काळ तेजीचा असो की मंदीचा. दुसरीकडे, आमच्या समितीत एखाद्या उमेदवाराच्या रंगाविषयी कोणी चकार शब्द काढल्याचे मी आजवर ऐकलेले नाही. मग हा भेदभाव नेमका कोणत्या टप्प्यावर होतो? की तो आता होतच नाही, आणि उरलेली तफावत शिक्षणाची व कौटुंबिक परिस्थितीची आहे? पक्षीय राजकारण बाजूला ठेवून कोणी समजावून सांगू शकेल का?

चष्मेवाली

समितीसमोर आलेले अर्ज तुम्ही पाहता. त्याआधी गळालेले अर्ज तुम्हाला दिसत नाहीत, आणि भेदभावाचा शोध घेणाऱ्या अभ्यासकांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत नेमक्या त्याच टप्प्यावर लक्ष केंद्रित केले आहे.

मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुलैनाथन या दोन अर्थशास्त्रज्ञांचा २००४ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग यांपैकी सर्वांत परिचित आहे. त्यांनी बॉस्टन आणि शिकागो येथील वर्तमानपत्रांतल्या सुमारे तेराशे जाहिरातींना उत्तर म्हणून जवळजवळ पाच हजार रेझ्युमे पाठवले. रेझ्युमे बनावट होते आणि त्यांवर नावे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटून दिली होती : काहींवर एमिली आणि ग्रेग यांसारखी गोऱ्या घरांत आढळणारी नावे, तर काहींवर लकिशा आणि जमाल यांसारखी कृष्णवर्णीय घरांत आढळणारी. गोऱ्या नावाला साधारण दहा अर्जांमागे एक फोन आला, तर कृष्णवर्णीय नावाला पंधरा अर्जांमागे एक. मला त्यातला दुसरा निष्कर्ष अधिक अस्वस्थ करतो. रेझ्युमेची गुणवत्ता वाढवली, म्हणजे अनुभव वाढवला, एखादे प्रमाणपत्र जोडले, तर गोऱ्या नावाला येणाऱ्या फोनांत सुमारे तीस टक्क्यांची वाढ झाली. कृष्णवर्णीय नावाच्या बाबतीत ही वाढ फारच कमी होती. ‘अधिक शिका, अधिक मेहनत करा’ हा सल्ला आपण सर्रास देतो, पण बाजार त्या मेहनतीचा मोबदला सर्वांना सारख्या दराने देत नाही.

डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञेने मिलवॉकी शहरात त्याही पुढे जाऊन प्रत्यक्ष माणसे पाठवली. वय, बोलणे, पेहराव यांत एकमेकांशी जुळणारे तरुण निवडून त्यांना साडेतीनशे ठिकाणी साध्यासुध्या कामांसाठी अर्ज करायला लावले, आणि त्यांतल्या काहींच्या अर्जात तुरुंगवास भोगल्याची नोंद ठेवली. निष्कलंक गोऱ्या तरुणाला ३४ टक्के ठिकाणांहून पुढचे बोलावणे आले आणि तुरुंगवासाची नोंद असलेल्या गोऱ्याला १७ टक्के ठिकाणांहून. निष्कलंक कृष्णवर्णीय तरुणाला १४ टक्के ठिकाणांहून बोलावणे आले. हे तीन आकडे एकापुढे एक ठेवून पाहा. तुरुंगातून आलेला गोरा हा कधीही तुरुंगात न गेलेल्या कृष्णवर्णीयापेक्षा किंचित पुढेच आहे. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला.

हे जुने झाले असे कोणी म्हणेल, म्हणून अलीकडचेही सांगते. पॅट्रिक क्लाइन, इव्हन रोझ आणि ख्रिस्तोफर वॉल्टर्स यांनी देशातील १०८ मोठ्या कंपन्यांना सुमारे ८३ हजार अर्ज पाठवले. तफावत सरासरीने शंभर अर्जांमागे सुमारे दोन बोलावण्यांची निघाली, म्हणजे आधीच्या प्रयोगापेक्षा कमी. मात्र ती सगळीकडे सारखी पसरलेली नव्हती. हुकलेल्या बोलावण्यांपैकी साधारण निम्मी केवळ पाचव्या हिश्शाच्या कंपन्यांकडून हुकली होती. त्यामुळे तुमच्या कंपनीत तसे काही घडत नसेल, हेही शक्य आहे. पण अर्ज करणाऱ्याला कोणती कंपनी कोणत्या गटातली आहे हे ठाऊक नसते. त्याला सगळीकडेच दारे ठोठवावी लागतात.

जाता जाता एक आपल्या घरचा संदर्भ. याच पद्धतीचा प्रयोग भारतात सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी केला आणि तो २००७ साली प्रसिद्ध झाला. ६६ आठवड्यांत खासगी क्षेत्रातील ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले गेले आणि पात्रता सारखीच ठेवली गेली. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश निघाले. जेवणाच्या वेळी मान डोलावणाऱ्यांना हा आकडा सांगून पाहावा.

मुक्तबाजारी

वरील अभ्यासांविषयी मला आदर आहे, परंतु त्यांतून जे सिद्ध होते त्यापेक्षा अधिक काढले जाऊ नये, म्हणून हा प्रतिसाद.

पहिली गोष्ट, नाव हे केवळ वंशाचे चिन्ह नसते. रोलंड फ्रायर आणि स्टीव्हन लेव्हिट यांनी कॅलिफोर्नियातील जन्मनोंदी तपासल्या, तेव्हा ठळकपणे कृष्णवर्णीय वाटणारे नाव असलेल्या व्यक्तीच्या पुढील आयुष्यावर, जन्माच्या वेळची आर्थिक परिस्थिती हिशेबात घेतल्यानंतर, त्या नावाचा वेगळा वाईट परिणाम त्यांना आढळला नाही. म्हणजे नाव वाचणारा माणूस वंशाचा अंदाज करतो की गरिबीचा, हे प्रयोगातून पूर्णपणे वेगळे करता येत नाही. दुसरी गोष्ट, डेरेक नील आणि विल्यम जॉन्सन यांनी १९९६ साली दाखवले की किशोरवयात घेतलेल्या एका क्षमताचाचणीतील गुण सारखे असलेल्या तरुणांची तुलना केली, तर पुरुषांच्या वेतनातील तफावतीचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग नाहीसा होतो आणि स्त्रियांच्या बाबतीत तर जवळजवळ सगळाच. याचा अर्थ नोकरीच्या दारात येण्याआधीच, शाळेत आणि वस्तीत, बरेच काही होऊन गेलेले असते. मालकाला दोष देऊन ते दुरुस्त होणार नाही.

तिसरी गोष्ट तत्त्वाची. गॅरी बेकर यांनी १९५७ सालीच मांडले होते की जो मालक केवळ रंगामुळे चांगला कामगार नाकारतो, तो स्वतःचेच नुकसान करून घेतो, आणि स्पर्धा खरोखर मोकळी असेल तर असा मालक दीर्घकाळ टिकत नाही. आकसाची किंमत मोजावी लागते.

सद्हेतूने केलेले नियम कसे उलटतात याचे उदाहरण तर मूळ प्रश्नकर्त्यांच्या राज्यातलेच आहे. अर्जावर ‘तुम्हाला शिक्षा झाली आहे काय?’ हा रकाना ठेवू नये, असा नियम न्यू जर्सीत मार्च २०१५ पासून आणि न्यूयॉर्क शहरात त्याच वर्षी ऑक्टोबरपासून लागू झाला. उद्देश कृष्णवर्णीय तरुणांना संधी मिळावी हा होता. अमांडा एगन आणि सोन्या स्टार यांनी नियमाच्या आधी आणि नंतर मिळून सुमारे पंधरा हजार अर्ज पाठवले. ज्या मालकांकडे तो रकाना होता, त्यांच्याकडे आधी गोऱ्या नावांना कृष्णवर्णीय नावांपेक्षा सात टक्के अधिक बोलावणी येत असत; रकाना निघाल्यानंतर ती त्रेचाळीस टक्के अधिक येऊ लागली. खरी माहिती मिळेनाशी झाल्यावर मालकांनी अंदाज बांधायला सुरुवात केली.

लालबागकर

माझे आजोबा आणि वडील दोघेही गिरणीत होते, त्यामुळे मुक्तबाजारी यांचा तिसरा मुद्दा वाचून मला अमेरिकेतल्या गिरण्या आठवल्या. (मुक्तबाजारी यांच्या शेवटच्या उदाहरणाविषयी मात्र एवढेच म्हणेन, की माहिती नसताना मालकांनी अंदाज बांधला आणि तो अंदाज एकाच रंगाच्या विरोधात गेला, यालाच तर आम्ही भेदभाव म्हणतो.)

साउथ कॅरोलायना हे अमेरिकेतले कापड गिरण्यांचे मोठे राज्य होते. तिथे १९१५ साली असा कायदा झाला की सूतगिरणीत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कामगारांनी एका खोलीत काम करू नये, एका दाराने आत-बाहेर करू नये, एकच जिना वापरू नये. परिणाम असा झाला की कृष्णवर्णीयांच्या वाट्याला आवारातील हमाली, झाडलोट आणि कापसाच्या गाठी फोडण्यासारखी कामे आली, मागावर गोरेच. जेम्स हेकमन आणि ब्रूक पेनर यांनी १९८९ साली या गिरण्यांच्या अनेक दशकांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. मधल्या काळात दोन महायुद्धे झाली, मंदी आली, तेजी आली, कामगारांची टंचाई झाली, गिरण्यांमध्ये परस्परांत गळेकापू स्पर्धा होती. तरीही कृष्णवर्णीय कामगारांचे प्रमाण जवळजवळ हलले नाही. १९६५ च्या सुमारास ते एकाएकी वर गेले. त्याच सुमारास नागरी हक्क कायद्यातील नोकरीविषयक भाग अमलात आला होता, आणि सरकारला कापड विकणाऱ्या गिरण्यांना वंशभेद न करण्याची अट घालण्यात आली होती. बेकर यांच्या सिद्धान्तानुसार जे काम बाजाराने करायला हवे होते, ते पन्नास वर्षांत झाले नाही. सरकारी खरेदीची अट आणि कायदा आल्यावर ते दोन-चार वर्षांत होऊ लागले. स्पर्धेत आकस महाग पडतो हे खरे, पण सगळेच मालक एकाच वेळी आकस बाळगत असतील आणि गोरे कामगारही तोच हट्ट धरत असतील, तर त्याची किंमत मोजावी लागते ती फक्त दाराबाहेर उभे असलेल्यांना.

मुंबईचा मेळ इथे बसतो, म्हणून सांगतो; ओढूनताणून आणलेला नाही. आमच्याकडे विणाई खात्यात, ज्याला गिरणीत साचेखाते म्हणत, पगार सूतकताईपेक्षा चांगला होता. धोट्यात, म्हणजे मागावर आडवे सूत नेणाऱ्या साधनात, सुताची नवी बाबिन भरली की सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि उष्ट्याचा विटाळ होतो म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचेखात्यात शिरूच दिले जात नसे. अडवणारे सवर्ण कामगार होते आणि मालक त्याकडे काणाडोळा करत. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. कुठे कुठल्या रंगाचा माणूस मागावर बसतो आणि कुठे कुठल्या जातीचा, एवढाच फरक. पण वरच्या पगाराचे खाते कोणासाठी राखून ठेवायचे याची युक्ती दोन्हीकडे एकच होती.

चष्मेवाली

लालबागकरांनी गिरणी आणली आहे तर मी वीजकेंद्र आणते, कारण मूळ प्रश्नातील ‘कोणी रंगाचा शब्दही काढत नाही’ या वाक्याचे सर्वांत नेमके उत्तर मला त्यात दिसते.

नॉर्थ कॅरोलायनात ड्यूक पॉवर कंपनीचे डॅन रिव्हर येथे वीजकेंद्र होते. तिथे पाच विभाग होते आणि कृष्णवर्णीयांना फक्त ‘लेबर’ विभागात घेतले जाई. त्या विभागातील सर्वांत जास्त पगाराची जागा ही इतर चार विभागांतील सर्वांत कमी पगाराच्या जागेपेक्षाही कमी पगाराची होती. १९५५ पासून कंपनीने इतर विभागांसाठी हायस्कूल उत्तीर्ण असण्याची अट घातली. पुढे २ जुलै १९६५ रोजी, म्हणजे ज्या दिवशी नागरी हक्क कायद्यातील नोकरीविषयक भाग लागू झाला त्याच दिवशी, तिने त्याला बुद्धिमत्तेच्या लेखी चाचण्यांची जोड दिली. या अटींत रंगाचा उल्लेख कुठेही नव्हता. पण १९६० च्या जनगणनेनुसार त्या राज्यात हायस्कूल पूर्ण केलेले पुरुष गोऱ्यांत ३४ टक्के आणि कृष्णवर्णीयांत १२ टक्के होते, आणि शाळा वेगळ्या व निकृष्ट ठेवण्याचे काम त्याच राज्याने पिढ्यान्‌पिढ्या केले होते. ज्या गोऱ्यांना अट येण्यापूर्वी घेतले होते ते परीक्षा न देताही काम व्यवस्थित करत होते, म्हणजे अटीचा कामाशी संबंध नव्हता.

विली ग्रिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली एकमताने असा निकाल दिला की हेतू वाईट नसला, तरी ज्या अटीमुळे एक गट मोठ्या प्रमाणात बाहेर फेकला जातो आणि जिचा कामाशी संबंध दाखवता येत नाही, ती अट बेकायदा आहे. मुक्तबाजारी यांच्या दुसऱ्या मुद्द्याला हे माझे उत्तर समजावे. क्षमताचाचणीतील गुण तफावतीचा मोठा भाग स्पष्ट करतात हे मला मान्य आहे. ते गुण कुठून आले, हा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही, तो केवळ पंधरा वर्षे मागे ढकलला जातो.

आणि तिथेही सगळे शाळेवर ढकलता येत नाही. राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोट्यवधी अमेरिकनांच्या करनोंदींवरून असे दाखवले आहे की एकाच वस्तीत वाढलेली आणि आईवडिलांचे उत्पन्न सारखे असलेली दोन मुले घेतली, तरी देशातील ९९ टक्के वस्त्यांत कृष्णवर्णीय मुलगा मोठेपणी गोऱ्या मुलापेक्षा कमी कमावतो. मुलींच्या बाबतीत, वैयक्तिक कमाईपुरते पाहिले, तर ही तफावत जवळजवळ आढळत नाही. आईबाप, शाळा, वस्ती ही बहीण-भावाला सारखीच मिळतात. मग मुलगाच का मागे पडतो, याचे उत्तर घराच्या आत शोधून सापडण्यासारखे नाही.

कर्जविभाग

मी बारा वर्षे घरकर्जाच्या कामात काढली आहेत, तीही याच देशात. आतापर्यंतची सगळी चर्चा पगाराभोवती फिरली. माझ्या मते पगार हा या प्रश्नाचा लहान भाग आहे.

रारिटनकाठचा यांनी दिलेल्या उत्पन्नाच्या आकड्यांचा भागाकार केला, तर गोऱ्या कुटुंबाच्या एका डॉलरमागे कृष्णवर्णीय कुटुंबाकडे सुमारे ६५ सेंट येतात. आता फेडरल रिझर्व्हने २०२२ साली केलेल्या पाहणीतील संपत्तीचे आकडे घ्या, म्हणजे घर, बचत, शेअर वगैरेतून कर्ज वजा जाता जे उरते ते. रांगेच्या मधोमध उभ्या असलेल्या गोऱ्या कुटुंबाकडे २,८५,००० डॉलर, कृष्णवर्णीय कुटुंबाकडे ४४,९०० डॉलर. म्हणजे एका डॉलरमागे जेमतेम १६ सेंट. पगारातली तफावत उद्या सकाळी शून्य झाली, तरी ही दुसरी तफावत आपोआप मिटणार नाही, कारण संपत्ती पगारातून कमी आणि वारशातून व घराच्या वाढत्या किमतीतून जास्त उभी राहते. आणि आजारपण, नोकरी जाणे, मुलाच्या कॉलेजची फी, नवा धंदा, या सगळ्यांच्या वेळी उपयोगी पडते ती संपत्तीच.

ही संपत्ती उभी राहिली ती मुख्यतः १९३० ते १९६० च्या दरम्यान, आणि तीही सरकारच्या मदतीने. १९३४ साली स्थापन झालेल्या फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशनने घरकर्जाला हमी देण्यास सुरुवात केली, त्यामुळे थोडी रक्कम आगाऊ भरून उरलेली पंचवीस-तीस वर्षांत फेडायची सोय साध्या पगारदारालाही मिळाली. पण त्याच संस्थेच्या नियमपुस्तिकेत मिश्र वंशाची वस्ती ही कर्जाला धोका मानली होती, आणि घर कृष्णवर्णीयांना विकू नये अशी अट खरेदीखतात असावी, अशी शिफारस होती. कर्जासाठी धोक्याच्या ठरवलेल्या वस्त्यांवर लाल शाई फिरवलेले नकाशे लोकांना ठाऊक असतात, ते दुसऱ्या एका सरकारी संस्थेचे, १९३३ साली स्थापन झालेल्या होम ओनर्स लोन कॉर्पोरेशनचे. माझ्या मते बदनामी नकाशांची जास्त झाली आणि खरे नुकसान या पुस्तिकेने जास्त केले. युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी १९४४ साली जी योजना आली, तिच्याखाली मिसिसिपी राज्यात १९४७ साली घर, शेती आणि धंद्यासाठी हमी मिळालेल्या ३,२२९ कर्जांपैकी कृष्णवर्णीय सैनिकांना मिळालेली कर्जे दोन होती. दोन टक्के असे वाचू नये, दोन कर्जे.

हे दक्षिणेचेच होते असेही नाही. तुम्ही न्यू जर्सीत राहता, तर विलिंगबरो गाव पाहिले असेल. १९५८ साली तिथे लेव्हिट कंपनीने हजारो घरांची नवी वसाहत बांधायला घेतली आणि कृष्णवर्णीयांना घर विकणार नाही असे उघड जाहीर केले. दोन कृष्णवर्णीयांनी तक्रार केली, आणि सरकारी हमीवर बांधलेल्या घरांत असा भेद चालणार नाही, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली दिला, तेव्हा कुठे दार उघडले. देशभरासाठीचा कायदा यायला १९६८ उजाडले. तोपर्यंत गोऱ्या कामगाराने स्वस्तात घेतलेले घर वीस वर्षांचे होऊन गेले होते आणि त्यावर कर्ज काढून त्याच्या मुलांची कॉलेजे होत होती. आज स्वतःच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण गोऱ्यांत ७० टक्क्यांच्या वर आणि कृष्णवर्णीयांत ४५ टक्क्यांच्या आसपास आहे.

वृद्धापकाळाच्या निवृत्तिवेतनाचेही तेच. १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले, आणि त्या काळी बहुसंख्य कृष्णवर्णीय याच दोन कामांत होते. १९५० च्या दशकात त्यांना आत घेईपर्यंत म्हाताऱ्या आईबापांचा सगळा भार कमावत्या मुलावर पडत राहिला. गोऱ्या सहकाऱ्याच्या आईवडिलांना सरकारी चेक येत होता, म्हणून तो स्वतःच्या पगारातून शिल्लक टाकू शकला.

दोन बॅगांविषयी थोडे बोलतो, आणि मीही दोनच बॅगा आणल्या होत्या. माझी अभियांत्रिकीची पदवी सरकारी महाविद्यालयातली, वर्षाची फी नाममात्र. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय ‘गोरे’ नाहीत म्हणून त्यांना नागरिकत्व नाकारले होते. आपल्यासाठी दार उघडले ते १९६५ च्या स्थलांतर कायद्याने, आणि तो कायदा कृष्णवर्णीयांच्या चळवळीने तापलेल्या वातावरणातच मंजूर झाला. शिवाय त्या दारातून येताना सुशिक्षित तेवढे वेचून घेतले गेले. वेचून आणलेल्या गटाची तुलना एका अख्ख्या समाजाशी करून स्वतःची पाठ थोपटणे, हे मला हिशेबात बसत नाही.

मुक्तबाजारी

संपत्तीचा मुद्दा मला मान्य आहे, आणि खरे सांगायचे तर माझ्या पहिल्या प्रतिसादात तो यायला हवा होता. साउथ कॅरोलायनाचा अभ्यास मी पूर्वी वाचला होता. त्यात कामगारटंचाईचा वाटा किती आणि कायद्याचा किती यावर चर्चा होऊ शकते, पण पन्नास वर्षे रेषा सपाट राहिली हे नाकारता येत नाही. मात्र उपायाबाबत मी अजूनही साशंक आहे. सरकारी कंत्राटदारांवर वंशभेद न करण्याची अट ज्या १९६५ च्या अध्यक्षीय आदेशाने होती, तो आदेश जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला आहे. मूळ कायदा कायम आहे. पण ज्या हत्याराने गिरण्यांत बदल झाला असे लालबागकर म्हणतात, त्यातले निम्मे आता म्यानात गेले आहे. अशा वेळी केवळ कायद्याकडे बोट दाखवून भागणार नाही. जन्माला येणाऱ्या प्रत्येक गरीब बालकाच्या नावे सरकारने ठेव ठेवावी आणि ती सज्ञान झाल्यावर घर, शिक्षण किंवा धंदा यांसाठी द्यावी, ही विल्यम डॅरिटी आणि डॅरिक हॅमिल्टन यांची सूचना मला अधिक पटते. त्यात रंग विचारावा लागत नाही आणि पैसा नेमका तिथे पोहोचतो जिथे कर्जविभाग म्हणतात ती पोकळी आहे. कनेक्टिकट राज्याने तसा प्रयत्न सुरू केला आहे.

रारिटनकाठचा

सर्वांचे मनापासून आभार. काही गोष्टी मला दोनदा वाचाव्या लागल्या.

चष्मेवाली यांच्या पहिल्या वाक्यामुळे मी गेल्या आठवड्यात एक साधे काम केले. गेल्या दीड वर्षात आमच्या विभागात ज्या अकरा नेमणुका झाल्या, त्यांचे अर्ज आमच्यापर्यंत कसे आले हे मी विचारून घेतले. नऊ जणांचे अर्ज आमच्याच कोणा ना कोणा कर्मचाऱ्याच्या शिफारशीने आलेले होते, आणि त्या नऊपैकी सात शिफारशी भारतीयांनी भारतीयांसाठी केलेल्या होत्या. त्यांतल्या दोन माझ्या आहेत. एक उमेदवार माझ्या कॉलेजचा होता आणि दुसऱ्याचे नाव मला मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटातून कळले होते. दोघेही उत्तम काम करतात, मला त्यांच्याविषयी काही म्हणायचे नाही. संकेतस्थळावरून परस्पर आलेले अर्ज किती होते असे विचारल्यावर मनुष्यबळ विभागातील बाईंनी सांगितले की प्रत्येक जागेला शेकड्यांनी येतात, आणि शिफारस असलेला उमेदवार आधी मिळाला की ते बहुधा उघडले जात नाहीत. रंगाचा शब्द आमच्याकडे कोणी काढत नाही, कारण काढण्याची वेळच येत नाही.

पुढच्या महिन्यात दोन जागा भरायच्या आहेत. परस्पर आलेल्या अर्जांपैकी निदान पन्नास अर्ज नाव आणि पत्ता झाकून समितीपुढे ठेवावेत, असे मी लेखी सुचवले आहे. व्यवस्थापकांनी अद्याप उत्तर दिलेले नाही. तसे करताना आणखी काय झाकावे लागेल, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का?

चष्मेवाली

कॉलेजचे नाव झाका, कारण ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीयांची म्हणून ओळखली जाणारी महाविद्यालये नावावरूनच कळतात. तसेच विद्यार्थी संघटना आणि चर्च यांचे उल्लेखही. नोकरीतील खंडाचे रकाने झाकू नका, पण त्याविषयी सर्वांना एकच प्रश्न एकाच शब्दांत विचारा, नाहीतर न्यू जर्सीत रकाना काढल्यावर झाले तसे, समिती स्वतःच अंदाज बांधू लागेल. मुलाखतीचे प्रश्न आधी लिहून ठेवा आणि गुण प्रत्येकाने चर्चेपूर्वी स्वतंत्रपणे द्यावेत. वर ज्या १०८ कंपन्यांचा उल्लेख केला, त्यांतही भरतीचे काम ज्यांनी एका ठिकाणी आणि ठरावीक पद्धतीने ठेवले होते, त्यांच्याकडे तफावत कमी आढळली होती. आणि तुमच्या त्या दोन शिफारशींचे काय झाले ते व्यवस्थापकांना लिहिलेल्या पत्रात नमूद केले नसेल, तर करा; ते पत्र त्यामुळे अधिक गंभीरपणे वाचले जाईल.

रारिटनकाठचा

नमूद केलेले नव्हते. आज संध्याकाळी नवे पत्र पाठवतो.